धनूचा पहिला कंट्रोलर

मगदूमांनी काउंटरवर डीजेचे दोन कंट्रोलर शेजारी शेजारी मांडले आणि बापूंना विचारलं, "कितवीला आहे मुलगा?"

"मुलगी हाय," बापू म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की दुकानाच्या दुसऱ्या टोकाला माइकच्या वायरी गुंडाळत बसलेल्या माणसानं मान वर करून पाहिलं.

बापू दिवटे चिडले नव्हते. आमच्या इचलकरंजीत माणसं अशीच बोलतात. ज्यांच्या घराला लागून यंत्रमागाची शेड आहे, ती तर हमखास. इचलकरंजीच्या माणसाला फोन कशाला हवा, गच्चीवर उभा राहून बोलला तरी इकडे ऐकू येतं, असं कोल्हापूरचे लोक म्हणतात. ऐकणाराही आमच्याकडे डोळ्यांनीच जास्त ऐकतो. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत राहतो. परगावच्या माणसाला ही एकटक बघायची सवय विचित्र वाटते. आम्हाला त्यात काहीच वाटत नाही.

"मुलगी असू दे की," मगदूम म्हणाले. "उलट बरं. मुलगी वाजवतेय म्हटलं की लोक फोन काढून उभे राहतात."

धनूची, म्हणजे धनश्रीची, नजर काउंटरवरून हलत नव्हती. एक कंट्रोलर शाळेच्या दप्तरात मावेल एवढा होता. दुसरा त्याच्या दुप्पट, दोन मोठ्या गोल चकत्या असलेला. दोन्ही काळे, दोन्हीवर बटणांच्या रांगा. मी पदरानं चष्मा पुसून पुढे वाकले.

मी तिथं कशी, हे सांगायला हवं. मी नगरपालिकेच्या शाळेत बाई होते. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी मुलं यायला लागली. त्यांना मी तबला आणि पेटी शिकवते. आता गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, खुर्चीवरून शिकवते, पण शिकवते. धनू दुसरीत असल्यापासून माझ्याकडे यायची. तिची लय इतकी पक्की, की मोठी मुलं चुकली की तिच्या मानेकडे बघून सावरायची. नववीत तिचं येणं सुटलं. आई कांडी मशीनवर, मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला; बापू यंत्रमागाचे जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. घरचं काम तिच्यावर आलं आणि पुढे तीही आईशेजारी कांड्या भरायला बसू लागली.

बारावी झाल्यावर एका संध्याकाळी ती मोठा पुठ्ठा काखेत मारून आली. सुताच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर तिनं ताटली ठेवून दोन वर्तुळं काढली होती, मध्ये उभ्या-आडव्या रेघा, बाजूला चौकोन. माझ्याकडे पेटी एकच, म्हणून मी मुलांना पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या काढून द्यायची. बोटं तिथं बसवा, मग पेटीवर या. तेच तिनं उचललं होतं.

"हे काय गं?"

"कंट्रोलर, बाई. खरा घेतला नाही तवर ह्याच्यावर हात बसवायलोय."

आमच्याकडच्या मुली 'मी बसवायलोय', 'मी जातो' असंच बोलतात. चाळीस वर्षं शिकवूनही मी ते बदलू शकले नाही, आणि आता बदलावंसं वाटतही नाही.

त्या संध्याकाळी तिनं मला शिकवलं. मला वाटत होतं, हे गाणी वाजवायचं यंत्र. ती म्हणाली, तसं नाही. गाणी सगळी लॅपटॉपमध्ये, वाजवतं सॉफ्टवेअर. कांडीच्या पैशातून तिनं एक जुना लॅपटॉप घेतला होता. कंट्रोलर म्हणजे नुसते हात. एक गाणं लोकांना ऐकू येत असतं. त्याच वेळी दुसरं गाणं आपण एकट्यानं हेडफोनमध्ये ऐकायचं, त्याची लय पहिल्याच्या लयीला आणून मिळवायची आणि कुणाला न कळता पहिल्यातून दुसऱ्यात जायचं. म्हणूनच डीजे हेडफोन एकाच कानावर धरतात. एक कान पुढच्या गाण्याला, एक कान हॉलला.

"म्हणजे तबलजी आणि पेटीवाला एकाच माणसात," मी म्हणाले.

"व्हय. आणि दोघांचं भांडण लागू द्यायचं नाही."

कोल्हापुरात रणजित सावेकर नावाचा एक जण लग्नाच्या हॉलमध्ये डीजेचे कार्यक्रम करायचा. त्यानं धनूला सांगितलं होतं, तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतोय, तेव्हा ये. पण कंट्रोलर तुझा स्वतःचा पाहिजे आणि लय हातानं मिळवता आली पाहिजे. कंट्रोलरवर एक बटण असतं, ते दाबलं की सॉफ्टवेअर आपणच दोन्ही गाणी जुळवून देतं. ते चालणार नाही. "बटण दाबून तर माझा वॉचमनपण वाजवंल," असं तो म्हणाला होता. हे जमलं तर ती कांडी मशीनवरून उठणार होती. नाही जमलं, तर शेठनं दिवाळीनंतर तिला पूर्ण पाळीवर घ्यायचं ठरवलंच होतं.

बापूंनी भिशी उचलली. पण एक अट घातली. बाईंना घेऊन जायचं, बाई म्हणतील तेच.

मला यातलं काही कळत नाही, हे मी दोघांना वेगवेगळं सांगून पाहिलं. धनू म्हणाली, तुम्ही नुसत्या या. बापू म्हणाले, वाद्याचं आहे, तुम्हाला कळणार नाही तर कुणाला.

म्हणून त्या शनिवारी आम्ही तिघं कोल्हापुरात मगदूमांच्या दुकानात उभे होतो.

मगदूम माणूस सरळ होता. त्यानं महागडं गळ्यात मारायचा प्रयत्न केला नाही. लहान कंट्रोलरवर हात ठेवून तो म्हणाला, सुरुवातीला हाच घ्या. सॉफ्टवेअर सोबत येतं, साउंड कार्ड आतच आहे, म्हणजे हेडफोनला वेगळं आणि स्पीकरला वेगळं गाणं जातं. वजनाला हलका. वर्षभर वाजवा, हात बसला की मग मोठं बघा. मलाही ते पटलं. लहान मुलाला पहिली तबलाजोडी घेताना मी हेच सांगते. फार भारी घेऊ नका, मूल तिला भिऊन वाजवतं; आणि अगदी खेळण्यातली घेऊ नका, चांगला हातही तिच्यावर बिघडतो.

"मला मोठाच पाहिजे," धनू म्हणाली.

"का गं?"

तिनं मोठ्या कंट्रोलरच्या वरच्या कोपऱ्यातलं एक गोल बटण दाखवलं. रेडिओच्या आवाजाच्या बटणाएवढं. "हे ह्याला आहे. लहान्याला नाही."

मगदूमांनी वाकून पाहिलं आणि ते हसले. त्या बटणानं काय होतं ते त्यांनी मला समजावलं. हॉलमध्ये चाललेलं गाणं आणि पुढचं गाणं, दोन्ही हेडफोनमध्येच हवं तेवढं मिसळून ऐकता येतं. "पण मॅडम, ह्यासाठी कुणी मोठा घेत नाही. हॉलमधलं गाणं ऐकायला दुसरा कान आहे की. देवानं दोन दिलेत ते कशाला?"

धनूनं ते बटण डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवलं आणि परत जागेवर आणलं. मी बापूंकडे पाहिलं. ते मगदूमांच्या ओठांकडे बघत होते.

"आधी लहान्यावर वाजवून दाखव," मी म्हणाले.

मगदूमांनी लहान कंट्रोलर लॅपटॉपला जोडला, स्पीकर लावला. धनूनं हेडफोन चढवले. उजव्या कानावर एक वाटी, डावी वाटी मागे सरकवून कान उघडा. अगदी फोटोतल्या डीजेसारखी उभी राहिली. स्पीकरवर एक गाणं सुरू झालं. पडद्यावर दोन आडव्या रंगीत रेघा पळायला लागल्या, प्रत्येक ठोक्याला एक शिखर. तिचा हात गोल चकतीवर गेला, बोटांनी ती किंचित मागे ओढली, सोडली, आणि दुसरं गाणं पहिल्यात असं शिरलं की मला सांधा कळला नाही. वायरी गुंडाळणारा माणूसही थांबला.

"वा," मगदूम म्हणाले. "हात चांगलाय की."

मलाही आनंद झाला. पण मी तिच्या हातांकडे नाही, तोंडाकडे बघत होते. शिकवणाऱ्याला ती सवय असते. मूल ऐकत असलं की नजर कुठेच नसते. धनूची नजर त्या दोन रेघांवर खिळली होती. वरचं शिखर आणि खालचं शिखर एकाखाली एक आलं की तिचे खांदे सैल होत.

माझ्या वर्गात एक खेळ आहे. मुलं ठेका धरतात आणि मी म्हणते, आता डोळे मिटा. मग मी त्यांच्याशी भाजीबाजाराच्या गप्पा मारते, त्यांनी ठेका सोडायचा नाही. धनू या खेळात कधी हरली नव्हती. मी लॅपटॉपचं झाकण हलकेच खाली केलं.

"आता न बघता."

"बाई, ह्यात बघूनच करतात."

"एकदा. माझ्यासाठी."

तिनं दुसरं गाणं सुरू केलं. चकती मागे घेतली, पुढे ढकलली, पुन्हा मागे. मग तिनं ते स्पीकरवर सोडलं, आणि दुकानात दोन गाणी एकमेकांच्या पायात पाय घालून पडली. ते इतकं बेताल होतं की मगदूमांनी पटकन हात पुढे करून आवाज कमी केला.

"होतंय, होतंय, नवीन आहे," ते म्हणाले. "नर्व्हस झाली. बटण आहेच जुळवायला."

जरा चहाचं बघतो, असं म्हणून बापू बाहेर गेले.

मी धनूच्या डाव्या बाजूला उभी होते. मुलांशी बोलते तशा हळू आवाजात मी म्हणाले, "धनू, पाणी पितेस का?" ती वायरीशी चाळा करत राहिली. मी पुन्हा विचारलं. स्पीकर बंद होता, दुकान शांत होतं. तिनं मान वळवली नाही. मी काउंटरला वळसा घालून तिच्या उजवीकडे आले आणि तितक्याच हळू तेच विचारलं.

"नको बाई," ती म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. मी कुठून कुठे आले होते ते तिनं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

मगदूम दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. नववीत गालगुंड झालं होतं. ताप उतरला, सूज उतरली, डावा कान मात्र परत आला नाही. आधी तिला वाटलं, येईल. मग वाटलं, सांगून काय करायचं. घरात सगळे ओरडूनच बोलतात, शेडमध्ये कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, गावात सगळे ओठांकडेच बघतात. एक कान गेलेली मुलगी त्यात कुणाला दिसणार. माझ्याकडे यायचं तिनं त्याच सुमाराला सोडलं होतं. "तुम्हाला कळलं असतं," एवढंच ती म्हणाली.

मग तिनं मोठा कंट्रोलर स्वतःच जोडून घेतला, स्पीकर पुन्हा चालू केला. लॅपटॉपचं झाकण माझ्यादेखत अर्धं खाली केलं. ते गोल बटण मधोमध आणलं आणि हेडफोन उजव्या कानावर दाबला. आता स्पीकरवरचं गाणं आणि पुढचं गाणं, दोन्ही तिच्या त्या एकाच कानात होती. डोळे तिनं आपणहून मिटले. पहिल्या गाण्यातून दुसरं असं वर आलं, जसं दुधावर सायीचा पदर येतो. नंतर तिसरं. सगळं कानानं. नववीच्या आधीची धनू माझ्यापुढे उभी होती.

गाणं थांबवून ती म्हणाली, "बाई, बापूंना सांगू नका. त्यांना कळलं तर ते दुकानात पाय ठेवू देणार नाहीत. नुसतं मोठाच चांगला आहे म्हणा. तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, "आणि हा कान? त्या हॉलमधला आवाज तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"तोही गेला तर?"

तिनं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. "कांडी मशीनवर तरी काय शिल्लक राहणार आहे का, बाई? आणि राहिला तर ऐकायचं काय त्यानं? मशीन?"

तेवढ्यात बापूंनी दारातून मला हात केला.

रस्त्यापलीकडे चहाचा गाडा होता. बापूंनी दोन कप घेतले, एक मला दिला, आणि माझ्या समोर असे उभे राहिले की माझे ओठ दिसावेत. त्यांना कुजबुजता येत नव्हतं. म्हणून ते मला दुकानापासून लांब घेऊन आले होते.

"नको म्हणा, बाई," ते म्हणाले.

"कशाला?"

"दोन्ही नको म्हणा. लहान बी नको, मोठा बी नको. मी म्हटलो तर तिला वाटंल बापानं मोडता घातला. तुम्ही म्हटलात तर ऐकंल."

मी विचारलं, मग आणलंत कशाला. ते म्हणाले, ह्याचसाठी आणलं. मग त्यांनी कप गाड्यावर ठेवला.

"तिला एकच कान हाय."

मी चहाच्या कपात पाहिलं. बापूंना वाटलं, मला धक्का बसला. त्यांनी सावकाश सांगितलं. त्यांचं घर शेडला चिकटून. रात्रपाळीचे माग भिंतीपलीकडे चालू. सगळी पोरं डोक्यावर उशी घेऊन झोपतात. धनू एका रात्री नुसती उजव्या कुशीवर वळून, उजवा कान उशीत घालून शांत झोपलेली त्यांना दिसली. त्यांनी हाक मारली. मोठ्यानं मारली. मग भांडं आपटून पाहिलं. दुसऱ्या रात्रीही तेच. "डावा कान वर उघडा, आणि पोरगी ढिम्म. जॉबर हाय मी. कुठला भाग चालत न्हाई ते मला बगून कळतंय."

"तिला विचारलं नाहीत?"

"ती लपवतीय. लपवू दे की. पोरीच्या जातीचं लग्न जमायचं असतंय." त्यांनी गाड्यावरचा कप जरा पुढे सरकवला. "आन् मी विचारलो असतो तर तिनं मला विचारलं असतं, औषध काय. काय सांगणार मी?"

मी म्हटलं, डीजेनं धोका आहे खरा, पण मागावर नाही का? तो आवाज काय कमी आहे?

बापूंनी याचं उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विजारीच्या खिशातून कापसाचा बोळा काढला. शेडमधली जुनी माणसं सुताच्या वेस्टचे, म्हणजे वाया गेलेल्या धाग्यांचे, असे बोळे कानात घालतात. "मागावर कान बुजवून काम करता येतंय, बाई. मी जल्मभर कापूस घालूनच काम केलो, म्हणून तुमचं एवढं तरी ऐकायलोय. पण त्या डीजेत तिला कान उघडाच ठेवावा लागणार. ऐकल्याशिवाय ते काम न्हाई. असलेला एक कान ती त्या भोंग्याफुडं धरणार." त्यांनी बोळा परत खिशात घातला. "कांडीवर बसू दे. बोळा मी करून देतो."

चहा तसाच निवला. रस्ता ओलांडताना ते माझ्या पुढे चालत होते, हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षेकडे न बघता.

आम्ही आत गेलो. धनूनं माझ्याकडे पाहिलं, बापूंनीही पाहिलं. मगदूमांनी दोन्ही खोकी काउंटरवर काढून ठेवली होती आणि हात पुसत विचारलं, "काय मग मॅडम, काय ठरलं?"

मी आयुष्यभर मुलांची प्रगतिपुस्तकं लिहिली. पास, नापास, वरच्या वर्गात घातला. इतकं जड मला कधी वाटलं नव्हतं. एकीला ऐकायचं होतं आणि एकाला तिचं ऐकणं वाचवायचं होतं, आणि दोघांनी शब्द माझ्याकडे ठेवला होता. मी फक्त एवढंच म्हणू शकले की बापूंनी तिचं वाजवणं एकदा नीट ऐकावं, मग मी सांगते. मला खरंच वाटत होतं की माणसानं नको म्हणण्याआधी निदान ऐकलेलं असावं.

बापू तयार झाले. स्पीकर लावू का, मगदूमांनी विचारलं. नको, हेडफोनच लावा, मी म्हणाले. दुकानाच्या गलक्यात त्यांना नीट ऐकू येणार नाही असं मला वाटलं. धनूनं स्वतःच्या हातानं हेडफोन बापूंच्या डोक्यावर बसवले, दोन्ही वाट्या दोन्ही कानांवर. लग्नातल्या नवरदेवासारखे ते मान ताठ करून उभे राहिले. तिनं तेच गाणं लावलं, डोळे मिटून जोडलं होतं ते. सुरुवातीला बासरीचा एक लांब सूर, मग टाळ्या, मग गाणाऱ्या बाईचा आवाज.

बापू वाट बघत होते.

धनूनं आवाज वाढवला. आता आम्हाला बाहेरूनसुद्धा हेडफोनमधून बासरी ऐकू येत होती. मगदूमांच्या कपाळावर आठी पडली. तिनं आणखी वाढवला. वायरी गुंडाळणाऱ्या माणसानं मान वर केली आणि मी नकळत एक पाऊल मागे सरले.

बापूंनी डोळे बारीक केले, जसं माणूस लांबचं काही ऐकताना करतो.

"कुठंतरी लांब माग चालल्यागत वाटतंय," ते म्हणाले. "गाणं कवा सुरू हुतंय?"

धनूचा हात बटणावर होता. तिनं ते हळूहळू, पार शेवटपर्यंत उलटं फिरवलं, आणि बापूंच्या समोर येऊन, ओठ नीट दिसतील असं म्हणाली, "अजून लावलं नाही, बापू. वायर सैल होती."

बापूंनी मान हलवली. मग त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. लॅपटॉपचं झाकण आता पुन्हा उघडं होतं. दोन रंगीत रेघा पळत होत्या, प्रत्येक ठोक्याला एक शिखर. रात्री जेवून झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन बसायची, तेव्हा बापू शेजारी बसून त्या रेघा बघायचे. रेघा पळतात तेव्हा गाणं चालू असतं, एवढं त्यांना माहीत होतं.

ते बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले. एकदा त्यांचा हात बोळ्याच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

मग त्यांनी हेडफोन डोक्यावरून काढले. दोन्ही हातांनी धरून ते त्यांनी धनूच्या डोक्यावर ठेवले. डावी वाटी आपणच मागे सरकवली. उजवी नीट कानावर बसवली, आणि ती बसलीय का ते बोटानं दाबून पाहिलं.

धनू त्यांच्याकडे बघत राहिली. कोणता कान, हे तिनं त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

"ह्यो मोठा बांधा," बापू मगदूमांना म्हणाले. माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मला काही सांगावं लागलं नाही.

धनूनं तुळशीच्या लग्नानंतर रणजितकडे वाजवायला सुरुवात केली. नाव झालं तिचं, सांगली-बेळगावपर्यंत. आता ती वाजवत नाही. माझ्याकडे येते तेव्हा समोरची खुर्ची ओढून बसते आणि मी बोलायला लागले की माझ्या ओठांकडे बघते. कानाला मशीन आहे. मुलांचा ठेका त्यातून चांगला कळतो, सूर कळत नाही, असं ती म्हणते. त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही. बापू गेले, त्यालाही आता काही वर्षं झाली.

पण त्या शनिवारी परतीच्या एसटीत धनू पुढच्या बाकावर खिडकीशी बसली होती, उजवा कान काचेला लावून. मी आणि बापू मागे, मध्ये ते खोकं उभं. खोकं पडू नये म्हणून बापूंनी त्याला हातानं धरून ठेवलं होतं. कोल्हापूर मागे पडल्यावर माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं,

"बाई, कसलं गाणं हुतं ते?"

मी सांगायला तोंड उघडलं. बासरी त्यांना कशी सांगणार? मग मी बोटं खोक्यावर ठेवली आणि त्या गाण्याचा ठेका वाजवायला लागले. साधा कहरवा, मध्य लयीत, मुलांना पहिल्या महिन्यात शिकवतात तो. पुठ्ठा चांगला बोलत होता.

बापूंनी दोन्ही तळवे खोक्यावर सपाट ठेवले आणि हातकणंगले येईपर्यंत उचलले नाहीत.